नरसिंग घरचं पाणी का पीत नव्हता

१

नरसिंग मोरे मेल्याची खबर औशाच्या ठाण्यावर आली ती भानामतीची फिर्याद म्हणूनच. फौजदार रेवणसिद्ध बिराजदार कवठझरीत जीपमधून उतरले तेव्हा अर्धं गाव मोऱ्यांच्या अंगणात होतं आणि उरलेलं अर्धं बौद्धवाड्यात, सरजाबाई कांबळेच्या दारासमोर. दुसऱ्या गर्दीच्या हातात दगड होते.

बिराजदार आधी तिकडं गेले. घरावरचे दोन पत्रे कुणीतरी ओढून खाली पाडले होते. साठीची एकटी विधवा दाराला पाठ लावून आत उभी होती.

"ही बाई माझ्या ताब्यात आहे," फौजदार मोठ्यानं म्हणाले. "आता हिला हात लावला तर तो सरकारला लावला."

गर्दीला वाटलं अटक झाली. लोक खूश होऊन बाजूला सरले. सरजाबाईला जीपमध्ये बसवताना बिराजदार जमादार केरबाच्या कानाला लागले, "कोठडीत टाकू नको. तुझ्या घरी ठेव. बायकोला सांग, आधी चहा पाज."

मग ते मोऱ्यांच्या घरी आले.

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत नरसिंग घोंगडीवर पडला होता. वय तिशीच्या आसपास, दाढी वाढलेली, हात कोपरात वाकून छातीशी घट्ट. डोक्याशी एक माठ, त्यात तळाला थोडं पाणी. अंगाखालची घोंगडी अजून ओली होती.

"मेल्यावर सगळेच ताठतात," बिराजदार म्हणाले.

"मेल्यावर न्हाई साहेब." दारात उभा राहिलेला थोरला भाऊ, हणमंतराव, म्हणाला. "जित्ता असतानाच लाकूड झाला हुता. हात सरळ करायला गेलो तर होईना. अंग असं तापलेलं, की हात ठेववंना. आन् घाम. घरात प्यायला पानी न्हाई आन् ह्याच्या अंगातून धारा."

कोपऱ्यात आई बसली होती, पारूबाई. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "जीभ चालत हुती तवर एकच सांगत हुता माजं लेकरू."

"काय सांगत होता?"

"की घरचे मला पान्यातून इष देतात."

अंगणात कुणीतरी चुकचुकलं. "येड्याचं बोलनं, साहेब. कशाला मनावर घेता?"

बिराजदारांनी मात्र माठावर झाकणी ठेवली आणि तो जीपमध्ये ठेवायला सांगितला. या गावात आजवर नरसिंगचं बोलणं खरं धरून कुणी चौकशी केली नव्हती. निदान मेल्यावर तरी करून बघायला काय हरकत होती?

२

नरसिंग कंधारच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. मग एका वर्षी त्याला भिंतीपलीकडून मास्तर लोक आपल्याविषयी बोलतात असं ऐकू येऊ लागलं. एक दिवस तो वर्गातून उठून चालत सुटला आणि नांदेडला गोदावरीच्या घाटावर सापडला. तिथल्या डॉक्टरांनी बरा केला. वर्षभर चांगला राहिला. मग गोळ्या सुटल्या आणि आवाज परत आले. नोकरी गेली. हणमंतरावांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, सिंधूला, घरी कवठझरीला आणलं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहरात नव्या पाट्या लागत होत्या. गावात मात्र विहिरींचे तळ उघडे पडले होते. टँकर आला तर पाणी, नाहीतर नाही.

बिराजदारांनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं.

पारूबाई म्हणाली, "नांदेडच्या गोळ्या मीच उकिरड्यावर फेकल्या. खाल्ल्या की नुसता झोपायचा, लाळ गळायची. थोरल्याला माजी आन घातली, येडाचं औषध ह्या घरात आनायचं न्हाई. पन थोरल्यानं लई जीव लावला हो. घरचं पानी आमी बाया भरताव. नरसूचा माठ मात्र ह्यो सोता भरायचा. कुनाला हात लावू देत न्हवता."

"आणि नरसिंग ते पाणी पीत नव्हता?"

"तोंडाला लावायचा आन् थुकायचा. मग जायचा तिकडं. त्या सरजीच्या घरी." म्हातारीचा आवाज कडक झाला. "मोऱ्यांचा लेक तिच्या माठातलं पानी प्याला. तिथंच घात झाला. पयले आमच्या पोरीवर उलटलं."

पोरगी म्हणजे हणमंतरावांची शिवगंगा, नववीत शिकणारी. तिला बाहेर बोलावलं. ती आजीकडे बघत हळू बोलू लागली. "टँकर आला नव्हता. मी शाळेतून आले. सांजच्याला माझी मान अशी एका बाजूला ओढली. सरळच होईना. डोळे वर गेले. जीभ आपोआप बाहेर. मला सगळं समजत होतं, पण बोलता येत नव्हतं."

"मग?"

"देवरशी आला. अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी बरी झाले."

"देवरशानं नाव घेतलं सरजीचं," पारूबाई म्हणाली. "म्हनून मीच नरसूला कोंडला. जाऊ दिला न्हाई तिकडं. तर तिनं बसल्या जागी त्याला लाकूड केलं. लघवी काळी झाली त्याची साहेब, कोऱ्या चहावानी. अजून काय पुरावा पायजे?"

सिंधू सगळ्यात कमी बोलली. देवणीला तिचे वडील आजारी होते, म्हणून ती माहेरी गेली होती. "मी आले तवा शिवगंगाचं सगळं होऊन गेलं होतं. ह्यांना कोंडलेलं होतं."

"नांदेडचं औषध चालू होतं?"

"न्हाई." तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "आत्याबाईंनी फेकलं तवापासून बंद."

हणमंतरावांची जबानी घेताना बिराजदारांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. नरसिंगला मूल नव्हतं. त्याच्या वाट्याची जमीन आता कुणाला जाणार, हे विचारायचीही गरज नव्हती.

संध्याकाळच्या आत ते औशाला परतले. केरबाच्या ओसरीवर सरजाबाई बसली होती. चहा तसाच पडून निवला होता.

"जयभीम साहेब."

"मावशी, तो तुमच्याकडं यायचा?"

"रोज. आधी दारात उभा राहायचा. मी म्हनायचे, मास्तर, तुमच्या घरचे मला जगू देनार न्हाईत. तर म्हनायचा, सरजाक्का, हितलं पानी साफ हाय. माझ्या वाट्याची एक घागर हुती, त्यातलं देत हुते. पिऊन झालं की माझ्या भिंतीवर कोळशानं गनितं सोडवायचा."

"शेवटी कसा होता?"

"हात थरथरायचे. चालताना पाय घासायचा. तोंडावरचं हसू गेलं हुतं. मी म्हनलं, मास्तर, जेवता का? तर म्हनला, वरनात हाय." तिनं मान वर केली. "साहेब, शेवटी शेवटी दोन्ही म्हनायला लागला हुता. पान्यात हाय, आन् वरनात बी हाय. मी म्हनलं, एकच काय ते सांगा. तर म्हनला, दोन हात हायेत सरजाक्का. दोन वेगळे हात."

३

शवविच्छेदन करणारे सरकारी डॉक्टर तरुण होते. आतडी, जठर, माठातलं पाणी सगळं औरंगाबादला प्रयोगशाळेत गेलं. तिथून अहवाल यायला पावसाळा उजाडला असता.

"कुचल्याचं विष असेल का?" बिराजदारांनी विचारलं.

"मलाही तेच वाटलं होतं. पण कुचल्यात झटके येतात, जातात. मधे अंग सैल पडतं, शुद्ध असते. हा दोन दिवस सलग ताठ होता आणि शुद्ध हरपलेली. धनुर्वात म्हणावं तर कुठं जखम नाही."

"ऊन लागलं असेल. बंद खोली होती."

"उष्माघातात कातडी बहुतेक कोरडी पडते. तुम्ही म्हणता हा घामानं भिजला होता." डॉक्टरांनी कागद उलटला. "त्याला मेंदूचं काही औषध चालू होतं का?"

"बायको म्हणते, बंद होतं."

"मग मला समजत नाही. नांदेडला जाऊन त्याच्या डॉक्टरांना विचारा."

दुसऱ्या दिवशी बिराजदार नांदेडला गेले. डॉ. कौसडीकर वयस्कर होते. वजिराबादेतल्या त्यांच्या दवाखान्याच्या बाकड्यांवर रोग्यांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त बसल्या होत्या. नरसिंग गेल्याचं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी फक्त चार प्रश्न विचारले. ताप? ताठरपणा? घाम? लघवीचा रंग?

चारही उत्तरं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फौजदारसाहेब, आपल्या मेंदूत डोपामीन म्हणून एक द्रव्य असतं. पेशींमधले निरोप ते नेतं. नरसिंगच्या मेंदूच्या एका भागात ते फार झालं होतं. म्हणून त्याला नसलेलं ऐकू यायचं, साध्या गोष्टीत कट दिसायचा. आमचं औषध ते निरोप अडवतं. आवाज शांत होतात."

"मग त्यात वाईट काय?"

"औषधाला जागा निवडता येत नाही. तेच डोपामीन दुसऱ्या ठिकाणी स्नायूंची हालचाल सांभाळतं. आणखी खोल, शरीराची उष्णता राखणाऱ्या केंद्रातही तेच लागतं. क्वचित, हजारात एखाद्याला, औषध सगळीकडंच निरोप तोडून टाकतं. मग अंग लाकडासारखं आवळतं. आवळलेले स्नायू भट्टीसारखे तापतात आणि ताप उतरवणारं केंद्र बंद असतं. स्नायू विरघळून लघवीत उतरतात, म्हणून ती काळी. किडन्या जातात. हृदय थांबतं. अंगात पाणी कमी असेल किंवा डोस एकदम वाढला, तर धोका जास्त."

"पण डॉक्टर, औषध बंद होतं."

कौसडीकरांनी नवलानं वर बघितलं. "बंद? सिंधूबाई माझ्याकडून दर खेपेला थेंबांची बाटली नेत होत्या. रंग नाही, वास नाही. गोळी घेत नव्हता ना तो, म्हणून जेवणात घालायला दिली होती मी."

बिराजदार उठता उठता थांबले. "अजून एक. ज्याला कसलंच वेड नाही, अशा पोरीच्या पोटात हे थेंब गेले तर?"

"लहान वयात मान वाकडी होते. डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. का, कुणाला झालं?"

४

सिंधूनं खोटं फार ताणलं नाही. फौजदारांनी बाटलीचं नाव काढताच ती जात्याशेजारी खाली बसली.

"वरणात घालत होते. डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच. आत्याबाईंना कळलं असतं तर ह्यांना देवरशाच्या हवाली केलं असतं. मला ते माणूस परत पायजे होतं साहेब, कंधारचं. संध्याकाळी पोरांच्या वह्या तपासत गाणं म्हणायचं ते."

"शेवटी जास्त घातले?"

"देवणीहून आले तर ते बोलत नव्हते. एकाच जागी बघत बसलेले. अंग आखडलेलं. मला वाटलं, आजार वाढला. दुप्पट घातले." मग तिनं दोन्ही हात पुढं केले. "मीच मारलं. न्या मला."

केरबानं हळूच श्वास सोडला. प्रकरण मिटलं होतं.

पण बिराजदार तिथंच उभे राहिले. "देवणीला जाताना बाटली कुठं होती?"

"माझ्या पिशवीत. घरात ठेवायची भीती वाटायची."

"दुसरी बाटली?"

"एकच असायची."

"मग शिवगंगाची मान वाकडी झाली तेव्हा तुम्ही देवणीला होतात, आणि बाटली तुमच्याबरोबर होती." फौजदारांनी शिवगंगाला हाक मारली. "पोरी, टँकर आला नव्हता म्हणालीस. मग शाळेतून आल्यावर पाणी कुठलं प्यालीस?"

ती घाबरली. आजीकडे, मग बापाच्या रिकाम्या खाटेकडे तिनं पाहिलं.

"मारणार नाही कुणी. सांग."

"काकाच्या माठातलं. तेवढाच भरलेला होता. काका पीतच नव्हता ते."

सिंधूच्या तोंडाचा रंग उडाला. तिनं कधी माठाला हात लावला नव्हता. त्या माठाला घरातल्या एकाच माणसाचा हात लागत होता, आणि म्हातारीनं ते कौतुकानं सांगितलं होतं.

"हणमंतराव कुठं आहेत?"

"विहिरीवर गेलेत," शिवगंगा म्हणाली. "कोरड्या."

फौजदार आणि केरबा पळत सुटले.

५

हणमंतराव विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसले होते. खाली नुसता खडक होता. बिराजदार त्यांच्यापासून थोडं दूर, तसेच काठावर बसले.

"माठात काय घालत होतात?"

"औषध." त्यांनी मागं न बघता सांगितलं. "लातूरला नवा डॉक्टर आला हाय. त्यानं नरसूला बघितलं सुदिक न्हाई. मी हकीकत सांगितली, त्यानं बाटली दिली. म्हनला, पान्यात टाका, कळनार न्हाई. आईची आन मोडली हुती, सांगू कुनाला? सिंधूलाबी सांगितलं न्हाई. ती आईला बोलली असती तर?"

"सिंधूला नांदेडची बाटली मिळत होती. ती वरणात घालत होती."

हणमंतरावांनी पहिल्यांदा मान वळवली.

बिराजदारांनी मग सगळं सांगितलं, कारण अर्धं सांगून चालणार नव्हतं. नरसिंगला घरच्या पाण्याची खरंच शंका आली होती आणि ती खरीच होती. तो सरजाबाईकडं पाणी पीत होता तोवर त्याच्या पोटात एकाच बाटलीचं औषध जात होतं, तेही अर्धंमुर्धं. शिवगंगा माठातलं पाणी प्याली, तिची मान वळली, देवरशानं सरजाबाईचं नाव घेतलं, पारूबाईनं कडी लावली. मग नरसिंगला दुसरं पाणी उरलं नाही. त्यानं आधी तहान मारली, अंग वाळवलं. शेवटी राहवेना तेव्हा माठाला तोंड लावलं. दोन्ही बाटल्या एकदम पोटात गेल्या. तो ताठ होत गेला, गप्प होत गेला, आणि घरातल्या दोन माणसांनी, एकमेकांना न सांगता, आजार वाढला म्हणून औषध वाढवलं.

"मी लई घातलं," हणमंतराव म्हणाले. "माठात पानीच थोडं असायचं. मला वाटलं, थोड्या पान्यात जास्त लागंल." त्यांनी एक खडा आत टाकला. "जमिनीसाठी मारला म्हनत असाल तुमी."

"एक दिवस वाटलं होतं."

"तसं असतं तर बरं हुतं साहेब. मंग मला कळलं तरी असतं मी काय करून राहिलो."

केरबानं मागून त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना काठावरून ओढून घेतलं. उठताना त्यांनी विचारलं, "थेंब बंद करून दवाखान्यात नेला असता, तर वाचला असता का?"

"ते कुणी सांगू शकत नाही," बिराजदार म्हणाले.

६

मारुतीच्या पारावर फौजदारांनी गावाला सगळं समजावून सांगितलं. डोपामीन, थेंब, कडी, तहान. लोक ऐकत होते. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "ते समदं खरं असंल साहेब. पन शिवगंगाची मान तर देवरशाच्या अंगाऱ्यानंच सरळ झाली की." माना हलल्या. कुणी वाद घातला नाही. पार रिकामा झाला.

सरजाबाईला निर्दोष सोडलं, पण तिचं घर उरलं नव्हतं. उरलेले पत्रेही गेले होते, भिंतीवरची कोळशाची गणितं दगडांनी खरवडली होती. ती लेकीकडं नांदेडला निघाली. बिराजदारांनी बसमध्ये बसवून दिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्यावर आळ आला तवा एकानंबी म्हनलं न्हाई, की मास्तर हिच्याच घरी का जात हुता."

कागदावर अकस्मात मृत्यू लिहिला गेला. निष्काळजीपणाचा गुन्हा लावायचा की नाही, हे वरचे साहेब ठरवणार होते. लातूरच्या त्या डॉक्टरानं सांगितलं, आपण अशा कुठल्या माणसाला ओळखत नाही. पारूबाईला हे सगळं दोनदा सांगून झालं. तिनं दोन्ही वेळा एकच विचारलं, "म्हंजे कडी मीच लावली म्हनून?"

सिंधू देवणीला परत निघाली त्या दुपारी औशाच्या बसस्टँडवर बिराजदार तिला भेटले. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तिनं नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "नांदेडच्या डॉक्टरांकडं मी जाऊन आले. त्यांना विचारायचा धीर झाला न्हाई. तुम्ही सांगा. ते गप्प झाले त्या दिवशी मी थेंब बंद केले असते, पाणी पाजलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, तर?"

बिराजदार फलाटाकडं बघू लागले.

"मला खोटं नका सांगू. खोटं बोलून बोलून हे झालंय."

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर ओळखलं तर बरेच वाचतात," बिराजदार म्हणाले. "नरसिंग तरुण होता. बहुतेक वाचला असता."

सिंधूनं मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं. देवणीची गाडी लागली. माणसं पेट्या-बोचकी घेऊन दाराकडं धावली. ती उठली, पेटी उचलली, मग परत खाली ठेवली.

"भाऊजींनी विचारलं होतं का हेच?"

"विचारलं होतं. मी म्हणालो, कुणी सांगू शकत नाही."

"मग तेच राहू द्या," ती म्हणाली. "आई आहे त्यांना, पोरगी आहे. त्यांना उद्या उठून शेतावर जायचंय. मला काय, कुठं जायचंय?"

कंडक्टरनं घंटी मारली. बिराजदारांनी तिची पेटी आत चढवली. ती खिडकीशी बसली, पण खिडकीतून बाहेर बघितलं नाही. गाडी वळून लातूर रस्त्याला लागेपर्यंत फौजदार उन्हात उभे होते. मग ते ठाण्याकडं चालू लागले.